ड्यूटीचं घड्याळ

घाटंजीची एसटी फाट्यावरच सोडते.
पुढे दीड किलोमीटर, पेटी बाबांच्या डोक्यावर,
दोन्ही अंगाला पराटी, घोट्याएवढी.
कार्यालयाच्या दाराशी त्यांनी चप्पल काढली,
देवळात शिरावं तशी,
आणि उभ्यानंच सही केली, सावकाश,
शेवटच्या अक्षराला थोडी जागा कमी पडली.

वसतिगृहाच्या वहीत मी दोनशे बारा.
भिवरा लच्छू आत्राम. अकरावी, विज्ञान.
मला एक ताट मिळालं,
काठावर खिळ्यानं कोरलेलं: वेणू.
वेणू कोण, मी विचारलं.
सगळ्या एकदम हसल्या
आणि सांगायचं राहून गेलं.

बाकीच्या पाचवीपासून इथे.
त्यांना अंधारातही कळतं
कोणती बादली गळते,
कोणत्या पायरीवर पाय द्यायचा नाही,
शनिवारचं वरण अळणी का.
प्रार्थनेचं चौथं कडवं त्या डोळे मिटून म्हणतात.
मी ओठ हलवते.
ओठ हलवणं मला चांगलं जमायला लागलं होतं.

रविवारी ताईंच्या फोनवर दहा मिनिटं.
आईनं विचारलं, झोप लागते का वं?
म्हटलं, लागते.
मग दोघी गप्प, आणि तिच्याकडून
कोंबड्यांचा आवाज येत राहिला.
मी तेवढा ऐकून घेतला.

तिसऱ्या आठवड्यात माझी पाळी.
कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा,
तीच इथली घंटा. पहाटे साडेचारला सतरा टोले.
आदल्या पाळीच्या मयुरी डाखोरेनं
मनगटावर घड्याळ बांधून दिलं,
पट्ट्याला ज्यादाचं भोक, कंपासच्या टोकानं पाडलेलं.
"फक्त ओलं करू नको," एवढंच म्हणाली.

घरी मोहफुलांच्या दिवसांत घड्याळ कुठलं.
आई नुसती कूस बदलायची
आणि आम्ही टोपली घेऊन निघायचो.
त्या रात्रीही अंगाला कळत होतं,
अंधार अजून जड आहे,
बेडूकसुद्धा थकलेले नाहीत.
पण इथे अंगापेक्षा घड्याळ खरं,
असं मी धरून चालले होते.
साडेचार. मी लोखंड उचललं.
सतरा टोले, एकही कमी नाही.

दोनशे अकरा मुली उठल्या.
ब्रश, बादल्या, रांग, वेण्या.
पाचवीतली एक उभ्याउभ्या झोपत होती,
तिला दुसरीनं खांद्यानं तोलून धरलं होतं.
प्रार्थनेचं पहिलं कडवं झालंही,
तेव्हा ताई टॉर्च घेऊन आल्या,
केस मोकळे, त्यांना तसं कुणी कधी पाहिलं नव्हतं.
"काहून वाजवली? अडीच वाजले न!"

मी मनगट पुढे केलं.
मयुरीनं कपाळावर हात मारला.
"अवं माय! ते दोन तास पुढं असते न!"
"तुले कोनं सांगतलं नाही?"
"आमाले वाटलं तुले माहीत असन."

पाचवीपासून सगळ्यांना माहीत होतं,
म्हणून कुणालाच सांगायचं सुचलं नव्हतं.
मला रडू यायला हवं होतं,
पण मागून कुणीतरी फुस्सकन हसलं,
आणि ते हसू रांगेतून पार विहिरीपर्यंत गेलं.

मग झोप कुणाला येणार.
ओट्यावर बसलो. कुणाच्या तरी पेटीतून
जवसाची चटणी निघाली, कुणाची शिळी भाकर.
वेणूचं ताट मध्ये ठेवलं.
वेणू म्हणे भिंतीवरून उडी मारून
जत्रेत गेली होती, आणि स्वतःच परत येऊन
ताईंना बांगड्या दाखवत बसली होती.
ती आता नर्स आहे वणीला, किंवा नाहीही.
चौथं कडवं मी विचारलं.
तिघींनी तीन वेगळी सांगितली.

आता मला अडीच म्हणतात.
अडीच, मीठ दे. अडीच, तुझं पत्र.
कार्यालयातसुद्धा परवा क्लार्क
दोनशे बाराच्या ऐवजी तेच बोलून गेले.

श्रावणात पाळी पुन्हा आली.
रात्री घड्याळ कानाशी धरलं,
बाजूची बारीक किल्ली नखाला लागली.
ओढायची, दोन फेरे मागे, बस.
इतक्या वर्षांत कुणी का केलं नसेल?

नख तिथेच ठेवलं थोडा वेळ.
मग काढून घेतलं,
आणि साडेसहा व्हायची वाट पाहत पडून राहिले.